मालकीच्या रानात कॅमेरा घेऊन जाताना : शेतकऱ्याची परवानगी कशी मागावी आणि कशी टिकवावी

कोल्हापूर भागात शेताला रान म्हणतात. ‘आबा रानात गेल्यात’ याचा अर्थ आबा उसाला पाणी पाजायला गेले आहेत, एवढाच असतो. शहरातून दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन येणाऱ्या माणसाला मात्र रान म्हटले की जंगल आठवते, आणि जंगल म्हणजे कोणाचीच मालकी नसलेली मोकळी जागा, असे त्याच्या मनात नकळत बसलेले असते. पन्हाळ्यापासून चंदगडपर्यंत निसर्गछायाचित्रकार आणि शेतकरी यांच्यात जे खटके उडतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ या गैरसमजात आहे. इथे गुंठा-गुंठा जमिनीला मालक आहे, त्या मालकीवरून भावाभावांत वर्षानुवर्षे दावे चाललेले आहेत, आणि ज्या बांधावर उभे राहून आपण चंडोलाचे गाणे ऐकतो तो बांध दोन घरांच्या भांडणाचे कारण असू शकतो.

राधानगरी अभयारण्यात जाणे त्या मानाने सोपे आहे, कारण तिथे वनविभागाच्या नाक्यावर नोंद करायची, शुल्क भरायचे आणि नियम पाळायचे, एवढेच असते. पण आपल्याला जे पाहायचे असते त्यातले पुष्कळसे अभयारण्याबाहेर, शेतकऱ्याच्या जमिनीवर राहते. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी असतात, जुन्या आंब्याच्या ढोलीत पिंगळा असतो, ओढ्याच्या दरडीत वेड्या राघूची बिळे असतात, नांगरटीत टिटवीची अंडी असतात आणि उसाच्या फडात रानमांजराची पिल्ले असतात. यांतले काहीही पाहायचे असेल तर कोणाच्या तरी दारात जाऊन विचारावे लागते. गेली अनेक वर्षे मी हे विचारत आलो आहे. काही ठिकाणी चुकलो आहे, काही ठिकाणी माझ्या चुकीची किंमत दुसऱ्याने मोजली आहे. त्यातून जे कळले ते इथे क्रमाने मांडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हातात बंदूक नसली तरी आपण शिकाऱ्यांच्याच वाटेने चालतो. दाजीपूरचे जंगल हे कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे राखीव रान होते. शाहू महाराजांच्या काळात संस्थानात पाळलेल्या चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे. पुढे १९५८ मध्ये दाजीपूर गव्यांसाठी अभयारण्य झाले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकार बंद झाली. ‘माग काढणे’, ‘दबा धरणे’, ‘हाका घालणे’ हे शब्द मात्र राहिले, आणि आपण ते आजही वापरतो. त्या कायद्यातील शिकारीची व्याख्या प्रत्येक छायाचित्रकाराने एकदा तरी वाचावी. मारणे आणि पकडणे तर त्यात आहेच, शिवाय फासे लावणे, जनावर हुसकावणे, आणि पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देणे हेसुद्धा त्यात येते. घरट्यासमोरची फांदी ‘फ्रेम स्वच्छ व्हावी’ म्हणून मोडणारा माणूस स्वतःला निसर्गप्रेमी समजत असतो. कायदा त्याच्या त्या कृतीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. हा कायदा खासगी जमिनीवरही तितकाच लागू आहे, त्यामुळे मालकाने परवानगी दिली म्हणून घरट्याला हात लावण्याची मुभा मिळत नाही.

जमीन नेमकी कोणाची

परवानगी मागण्याआधी ती कोणाकडे मागायची हे शोधावे लागते, आणि हे काम वाटते तितके सरळ नसते. महाभूलेख संकेतस्थळावर गट नंबर टाकून सातबारा पाहता येतो आणि महाभूनकाशावर त्या गटाची हद्द दिसते. पण सातबाऱ्यावर पाच-सहा नावे सामाईक असतात. त्यांतला एक पुण्यात असतो, एक मुंबईत, एका आत्याने हक्कसोड केलेली नसते, आणि प्रत्यक्ष शेत कसणारा कधी धाकटा भाऊ असतो, तर कधी वाट्याने किंवा खंडाने घेतलेला गावातलाच दुसरा कोणी असतो. माझे स्पष्ट मत असे आहे की पहिल्यांदा विचारायचे ते कसणाऱ्याला. पीक त्याचे आहे, पाण्याची पाळी त्याची आहे, आणि आपल्या पायाखाली जे तुडवले जाईल त्याचा तोटा त्यालाच सोसायचा आहे. त्याने होकार दिल्यावर ‘मालकांना मी सांगू का, की तुम्ही सांगाल?’ असे त्यालाच विचारावे. उलट क्रमाने गेलो, म्हणजे शहरातल्या मालकाचा फोनवर होकार घेऊन थेट शेतात उतरलो, तर कसणाऱ्याला ते आपल्या डोक्यावरून गेल्यासारखे वाटते, आणि त्याचे तसे वाटणे योग्यच असते.

गावाभोवतीची सगळीच जमीन मालकीची नसते. गायरानासाठी ग्रामपंचायतीत विचारावे. देवस्थानच्या इनाम जमिनी या जिल्ह्यात पुष्कळ आहेत; तिथे वहिवाटदार कोण आहे ते गावात विचारून कळते. देवराईत जायचे असेल तर गुरव आणि गावातली जाणती माणसे यांना आधी भेटावे, चपला कुठे काढायच्या, कोणत्या दिवशी जायचे नाही, कोणत्या झाडाजवळ थांबायचे नाही हे विचारून घ्यावे, आणि ते विनातक्रार पाळावे. त्या नियमांमुळेच ती झाडे आजवर उभी राहिली आहेत.

पश्चिमेकडच्या तालुक्यांत, म्हणजे शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड इथे, आणखी एक गुंता आहे. महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियमाने ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वने शासनाकडे निहित झाली, आणि त्यातून निर्माण झालेले वाद काही गावांत अजून मिटलेले नाहीत. त्यामुळे गावकरी ज्याला ‘आमचं मालकीचं’ म्हणतात त्या डंगावर, म्हणजे जंगलावर, सातबाऱ्यात वनविभागाची नोंद असू शकते. अशा ठिकाणी वनरक्षकाला भेटूनच पुढे जावे. मात्र गावात वाद चालू असेल तर त्यात आपले मत देऊ नये. ‘ही जमीन तर फॉरेस्टची आहे’ असे एखाद्या पाहुण्याने पारावर बोलून दाखवणे म्हणजे त्या गावात स्वतःसाठीच नव्हे, तर आपल्यामागून येणाऱ्या प्रत्येकासाठी दार बंद करणे होय.

पहिली भेट

पहिल्या भेटीला कॅमेरा पिशवीत असावा आणि ट्रायपॉड गाडीत असावा. याला एक ताजे कारण आहे. शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनाला या जिल्ह्यात २०२४ पासून मोठा विरोध झाला, आणि त्या काळात तिपाईवर काहीतरी बसवून शेतात उभा असलेला अनोळखी माणूस म्हणजे मोजणीवालाच, असे लोकांच्या मनात पक्के बसले. मला स्वतःला एकदा कागल तालुक्यात पाच-सहा जणांनी घेरले होते. त्यांचा आवाज चढलेला होता, पण जमीन जाण्याची भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मी कॅमेऱ्यातला चंडोल त्यांना दाखवला, तेव्हा त्यांतल्या सर्वांत वयस्कर बाबांनी सुस्कारा सोडला आणि ‘आधी सांगायचं न्हाई व्हय, पावणं?’ एवढेच म्हणाले. चूक माझी होती. लष्करी ठिपक्यांचे कपडे घालून संध्याकाळी शेतातून फिरणेही अशीच भीती निर्माण करते. साधे मळखाऊ रंगाचे कपडे पक्ष्यांसाठी पुरेसे असतात.

भेटायची वेळ नीट निवडावी. रोप लावणीच्या दिवसांत, ऊसतोडीची टोळी फडात उतरलेली असताना किंवा धारा काढायच्या वेळी गोठ्यात जाऊन परवानगी मागू नये. गावातल्या दूध संस्थेचे संकलन संपत आले की माणसे कॅन घेऊन थोडा वेळ रेंगाळतात. ती वेळ चांगली असते. तिथे ‘ओढ्याकडेचं ते बाभळीचं रान कोण कसतं?’ असे विचारले की नाव, घर आणि स्वभाव या तिन्हींची माहिती मिळते. शिवाय आपण कोणाला शोधत होतो हे चारचौघांना कळते, आणि पुढे आपण त्या शेतात दिसलो तर कोणाला नवल वाटत नाही.

बोलणे थोडक्यात आणि खरे असावे. आपले नाव, गाव, काय काम करतो, कोणता पक्षी पाहायचा आहे, कोणत्या जागी किती वेळ बसणार, आणि त्या फोटोचे पुढे काय करणार, हे सगळे पहिल्या दोन मिनिटांत सांगावे. ‘मामा, तुमच्या विहिरीवर सुगरणी घरटी बांधायला लागल्यात. सकाळी सहा ते आठ, बांधाच्या या बाजूला एकट्यानं बसायचा विचार आहे. चालंल का?’ एवढे पुरते. वयस्कर माणसाला मामा, तात्या, आण्णा म्हणावे, बाईमाणसाला मावशी किंवा काकी म्हणावे, आणि घरात बाई एकट्याच असतील तर बाहेरूनच ‘मालक कधी भेटतील?’ असे विचारून परत यावे. मात्र शेत त्याच पाहत असतील, आणि असे पुष्कळ घरांत असते, तर परवानगी त्यांचीच घ्यावी. पुरुष माणसाची वाट पाहत बसणे हा त्यांचा अपमान आहे.

चहा नाकारू नये. आणि ‘बघू की’ हा होकार समजू नये. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणण्याची पद्धत नाही; ‘बघू’, ‘सध्या जरा कामं हाइत’, ‘पोराला इचारतो’ हे नकाराचे सभ्य प्रकार आहेत. अशा वेळी आपला नंबर देऊन, नमस्कार करून निघावे आणि महिनाभर तरी पुन्हा विषय काढू नये. कारण विचारू नये आणि त्या वर्षी त्या बांधाकडे फिरकूही नये. शेजारच्या शेताची परवानगी काढून तिथून लांब भिंगाने तेच घरटे टिपणे कायद्यात बसेल, पण ज्याने नाही म्हटले आहे त्याला ते बरोबर समजते.

होकार मिळाला तर चार गोष्टी तिथेच ठरवून घ्याव्यात. गाडी कुठे लावायची, कोणत्या वाटेने आत जायचे, कोणत्या दिवशी यायचे नाही, आणि येण्याआधी फोन कोणाला करायचा. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. एकदा मिळालेली परवानगी ही कायमची सनद नसते, म्हणून दर खेपेला आदल्या संध्याकाळी फोन करून ‘उद्या सकाळी येऊ का?’ असे विचारावे. त्या फोनमुळे औषध फवारणी कधी आहे, पाणी कधी सोडले आहे, कुत्रे मोकळे आहे का, हेही कळते. पुढे लपणी (दडून बसायचा आडोसा) बांधून इतरांना पैसे घेऊन बसवण्याचा विचार असेल, तर मात्र तोंडी बोलण्यावर थांबू नये. किती काळ, किती माणसे, मालकाला किती रक्कम, अपघाताची जबाबदारी कोणाची आणि करार कधी मोडता येईल, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि ज्यांची नावे सातबाऱ्यावर आहेत त्या सर्वांना त्याची कल्पना असावी.

शेतात उतरल्यावर

बांधाबद्दल आधी सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या हद्दीवरून रस्ता तहसीलदारांकडे मागता येतो. तो हक्क जमीनधारकाचा आहे, फिरायला आलेल्या माणसाचा नाही. शिवाय बांधावरच्या वाटेचा वाद चालू असेल, तर आपण तिथून गेल्याने ‘बघा, ही वाट चालू आहे’ असा पुरावाच एका बाजूला मिळतो. म्हणून जी वाट दाखवली आहे तीच धरावी, जवळची दिसली तरी दुसरी धरू नये.

पाटाची गोष्ट मी माझ्या चुकीतून शिकलो. करवीर तालुक्यात एका ओढ्याच्या दरडीत वेड्या राघूंनी बिळे कोरली होती, आणि त्यांचा चतुर पकडून आणण्याचा कोन नीट मिळावा म्हणून मी पहाटे पाटाच्या काठावर उकिडवा बसलो होतो. ओली माती माझ्या टाचेखाली खचली. मला ते जाणवले, पण बोटभर पाणी बाहेर आलेले पाहून मी दुर्लक्ष केले आणि थोड्या वेळाने पुढच्या झाडाकडे गेलो. बोटभराचे हातभर झाले आणि पाणी शेजारच्या मोकळ्या रानात जाऊ लागले. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. मालक मध्यरात्रीपासून जागे होते आणि उसाच्या दुसऱ्या टोकाला सरीत पाणी का येत नाही म्हणून वाट पाहत उभे होते. ते पाटाने चालत आले तेव्हा त्यांना फुटलेल्या जागी माझ्या बुटाच्या तळव्याची नक्षी चिखलात उठलेली दिसली. वीज जायला अर्धा तास राहिला होता, आणि त्यांची पाण्याची पाळी पुन्हा यायला दिवस लागणार होते. ते मला काहीच बोलले नाहीत. खोऱ्याने माती ओढून त्यांनी पाट बांधला, आणि मी जवळ गेलो तेव्हा ‘आता ऱ्हाऊ द्या’ म्हणाले. त्या शेतात मला पुन्हा जाता आले ते दोन वर्षांनी.

तेव्हापासूनचा माझा नियम असा, की पाट, सरी, ठिबकची नळी, विद्युत पेटी, मोटारीचा पाइप किंवा कुंपणाची तार यांतल्या कशालाही आपल्याकडून धक्का लागला, तर फोटो तिथेच सोडून आधी मालकाला हाक मारायची, आणि तो येईपर्यंत हाताने का होईना माती ओढत राहायचे. ठिबकची नळी गवताखाली दिसत नाही. पाय देताना काठीने चाचपून पाहावे. कवाडी उघडी असेल तर उघडी ठेवावी, लावलेली असेल तर आत गेल्यावर लावावी. कुंपणाला झटका मशीन जोडलेले आहे का, ते आधीच विचारून घ्यावे. ते यंत्र ठरावीक अंतराने सौम्य झटका देते. पण काही जण थेट लाइनची वीज तारेत सोडतात, ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्यात जनावरांबरोबर माणसेही मेली आहेत. असे काही दिसले तर त्या शेतात पाऊल न टाकता मालकाशी उघडपणे बोलावे आणि तार काढेपर्यंत तिकडे जाऊ नये.

उसाच्या फडात शिरू नये, कितीही मोह झाला तरी. पाचटात घोणस असते आणि सरीत चार पावलांपलीकडचे दिसत नाही. गवा आत असेल तर त्याला पळायला वाट राहत नाही आणि आपल्यालाही राहत नाही. २०२० च्या डिसेंबरात पुण्याच्या कोथरूडमध्ये वाट चुकून आलेला गवा गर्दीच्या पाठलागाने सैरावैरा धावून शेवटी मेला. फडाभोवती गर्दी जमली की कोणत्याही गावात तसेच घडू शकते. कठडा नसलेल्या जुन्या विहिरींच्या कडेला तर अजिबात उभे राहू नये. आपण पडलो तर पोलीस पंचनाम्याला येतात ते त्या शेतकऱ्याच्या दारात, आणि चौकशीचे हेलपाटे त्याला घालावे लागतात. अंगावर पूर्ण बूट आणि जाड पँट असावी, बरोबर पाणी असावे, आणि आपण कुठे आहोत हे घरी एकाला माहीत असावे.

घरट्याच्या बाबतीत एक साधी खूण पाळावी. टिटवी ओरडत डोक्यावर फिरू लागली, वेडा राघू चोचीत किडा धरून तारेवर नुसताच बसून राहिला, किंवा घुबडाने डोळे पूर्ण उघडून आपल्याकडे मान वळवली, की आपण जास्त जवळ आलो आहोत. उठून मागे जावे. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नये, रात्री घुबडाच्या डोळ्यांवर विजेरी मारू नये, आणि ड्रोन तर शेतावर उडवूच नये. गोठ्यातली जनावरे बुजतात, आणि मोजणीची भीती पुन्हा जागी होते.

फोटो काढल्यानंतर

परवानगी मोडते ती बहुतेक वेळा शेतात नव्हे, तर घरी येऊन फोटो टाकल्यावर. भुदरगड तालुक्यातल्या एका ओढ्याच्या दरडीत शृंगी घुबडाची जोडी पिल्लांसह होती. मालकाने मला एकट्याला सांगितले होते आणि ‘कुणाला बोलू नगा’ असेही सांगितले होते. मी गावाचे नाव लिहिले नाही, पण फोटो ओळखीच्या आठ-दहा जणांना पाठवला, आणि त्या फोटोच्या मागे, धूसर का असेना, गावच्या देवळाचा कळस होता. कळस ओळखणारा एक जण त्यांत होता. पुढच्या रविवारी त्या वाटेवर सात गाड्या लागल्या, हरभऱ्याच्या दोन सऱ्या तुडवल्या गेल्या, आणि शेजाऱ्याने मालकाला ‘तुझ्यामुळं आमचं रान खराब झालं’ म्हणून ऐकवले. घुबडाची जोडी पिल्ले उडण्याआधी दिसेनाशी झाली. ती कुठे गेली आणि पिल्लांचे काय झाले, हे मला कधीच कळले नाही. घुबडे अंधश्रद्धेपोटी पकडली आणि विकली जातात हे मला तेव्हाही माहीत होते, म्हणून हे अज्ञानातून घडले असे मला म्हणता येत नाही.

त्यामुळे आता मी कॅमेऱ्यातील आणि मोबाइलमधील जीपीएस बंद ठेवतो, फोटोची मागची बाजू तपासून पाहतो, देऊळ, टॉवर, पाण्याची टाकी, डोंगराची ओळखू येणारी रेघ असेल तर तो फोटो बाहेर देत नाही, आणि घरट्याचा फोटो हंगाम संपेपर्यंत कोणालाच दाखवत नाही. ठिकाण म्हणून फक्त ‘कोल्हापूर जिल्हा’ लिहितो. एखादा जिवलग मित्र ‘मला तरी सांग’ म्हणाला, तर ‘परवानगी माझी आहे, ती तुला देण्याचा हक्क माझा नाही’ असे सांगतो आणि मालकाला विचारून मगच त्याला घेऊन जातो. यामुळे दोन-तीन जण माझ्यावर रुसले आहेत. त्यांचा रुसवा मला चालतो.

मालकाचा, त्याच्या मुलांचा किंवा जनावरांचा फोटो काढला असेल तर तो छापून नेऊन द्यावा. मोबाइलवर पाठवलेला फोटो हरवतो, पण भिंतीवर लागलेला राहतो. एका घरात मी त्यांच्या खिलार बैलजोडीचा फोटो बेंदराच्या आधी नेऊन दिला होता. बैलांतला एक पुढच्या वर्षी गेला, आणि तो फोटो आज देव्हाऱ्याशेजारी आहे. पहिल्याच भेटीत पैसे काढू नयेत, त्याने परवानगीला भाडे ठरल्यासारखे होते. पण आपल्यामुळे नुकसान झाले असेल तर भरपाई रोख आणि त्याच दिवशी द्यावी, आणि रक्कम त्याने सांगितलेली असावी. फोटो विकला गेला, स्पर्धेत बक्षीस मिळाले, तर ते त्याला जाऊन सांगावे आणि त्यातला वाटा देऊ करावा.

वन्यप्राण्यांचा त्रास सोसणाऱ्या माणसाशी बोलताना

आजऱ्यात आणि चंदगडमध्ये हत्ती पीक लोळवतात, राधानगरी-भुदरगडकडे गवे ऊस आणि भात खातात, रानडुकरे रात्रीत भुईमुगाचे वाफे उकरून टाकतात. ज्याने कालच हे सोसले आहे त्याच्यापुढे ‘गवा किती देखणा प्राणी आहे’ असे बोलू नये. त्याचे ऐकून घ्यावे, आणि आपल्या हातात जे आहे ते करावे. आपल्याकडे चांगला कॅमेरा आहे; नुकसान झालेल्या पिकाचे, ठशांचे आणि विष्ठेचे तारीख-वेळ दिसतील असे फोटो त्याला काढून द्यावेत, वनविभागाकडे लगेच कळवायला लावावे, पंचनामा होईपर्यंत पीक तसेच ठेवायला सांगावे, आणि अर्ज भरताना सातबारा, बँक पासबुक या कागदांची जुळवाजुळव करायला त्याच्या बाजूला बसावे. मला आजवर मिळालेल्या सर्वांत चांगल्या जागा अशा अर्जांच्या निमित्ताने मिळाल्या आहेत, पण त्या हेतूने अर्ज भरू नये. शेतकऱ्याला माणसाचा हेतू ओळखता येतो.

ऊसतोडीत पिल्ले सापडली की गावात बिबट्याची हाकाटी होते. बऱ्याचदा ती रानमांजराची असतात. आपल्याला बोलावले तर जाऊन आधी लोकांना लांब करावे, पिल्लांना हात लावू देऊ नये, तेवढ्या भागाची तोड थांबवण्याची मुकादमाला विनंती करावी, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. आई बहुधा अंधार पडल्यावर पिल्ले उचलून नेते. त्या वेळात फोटो काढत बसू नये.

रानडुकरासाठी लावलेला फासा दिसला तर काय करावे, हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. फासा लावणे हा गुन्हा आहे, आणि मालकाशी संबंध बिघडेल म्हणून त्याकडे डोळेझाक करणे मला मान्य नाही. पण फासा त्याच्या बांधाला दिसला म्हणजे त्यानेच लावला, असेही धरू नये. बाहेरची माणसे रात्री येऊन लावून जातात, आणि त्यात मालकाचे कुत्रे किंवा रेडकू अडकते. मी मालकाला जागेवर नेऊन दाखवतो आणि ‘हे वनरक्षकाला कळवायला लागेल, तुम्ही कळवता की दोघं मिळून कळवूया?’ असे सरळ विचारतो. बहुतेकांनी स्वतः फोन केला आहे. एकाने केला नाही, तेव्हा मी केला. त्या शेतात मी आता जात नाही.

ओळख किती जुनी झाली तरी ती एका माणसाशी असते, जमिनीशी नसते, हे शेवटी लक्षात ठेवावे लागते. हातकणंगले तालुक्यातल्या एका मळ्यात मी बारा वर्षे टिटवीची वीण पाहत होतो. तिथले तात्या नांगरट करताना अंडी दिसली की चार ढेकळे भोवती ठेवून तेवढी जागा सोडायचे आणि मला फोन करायचे. तात्या गेल्यावर तीन मुलांत वाटणी झाली, मधोमध नवे दोन बांध पडले. मी दिवस झाल्यावर पंधरवड्याने गेलो, तिघांच्या घरी वेगवेगळा गेलो, आणि पहिल्या भेटीत सांगतात तसे नाव-गावापासून सगळे पुन्हा सांगितले. थोरल्याने हो म्हटले, मधल्याने ‘बघू की’ म्हटले, धाकट्याने त्या वाफ्यात आता शेडनेट घालायचे ठरवले आहे. यंदा मी थोरल्याच्या बांधापर्यंतच जातो.